पात्यावरचा मासा

लखलखरावांचं खरं नाव त्यांच्या हॉटेलात फक्त पगाराच्या दिवशी वापरलं जायचं. बाकी महिनाभर ते लखलखराव. त्या मोठ्या, जुन्या हॉटेलातलं सगळं पितळ त्यांच्या ताब्यात होतं: दारांच्या मुठी, जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणं, खोल्यांवरचे आकडे आणि खाली टेबलावरची ती घंटी. त्या घंटीत पाहुण्यांना आपला चेहरा इतका स्वच्छ दिसायचा की ती वाजवायचं विसरून लोक आधी भांग नीट करायचे. मालकांना वाटायचं, गिऱ्हाईक हॉटेलच्या नावामुळे येतं. लखलखरावांना पक्कं ठाऊक होतं की ते कठड्यामुळे येतं.

माणूस कामावरून घरी आला की काम बाहेर सोडून येतो म्हणतात. लखलखराव ते खिशात घालून आणायचे. पिवळं मऊ फडकं डाव्या खिशात, कारण गडी डावखुरा. घरात शिरल्यावर आधी दाराची मूठ, मग दिव्यांच्या बटणांच्या पट्टीवरचे चार स्क्रू, मग नळ. पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवला की तो उचलून विसळलाच म्हणून समजा. पाहुण्याचा चहा संपला आहे की नाही ही बाब त्यांच्या मते गौण होती.

"अहो," त्यांची बायको म्हणायची, "मी एका जागी फार वेळ बसत नाही. उगाच मलाही पुसून टाकाल."

ही बायको एका शाळेच्या भोजनगृहात भाज्या चिरायच्या कामाला होती. तिथे सुऱ्या अशा होत्या की त्यांनी कांदा चिरला जात नसे, तो कंटाळून आपणहून वेगळा व्हायचा. दिवसभर बोथट सुरीवर जोर देऊन तिचं मनगट सुजायचं. एका वर्षी तिने घरात जाहीर केलं की नोकरीत मिळेल ती सुरी चालवीन, पण माझ्या ओट्यावर मला एक धड सुरी पाहिजे. आणि नवऱ्याला घेऊन ती सुऱ्यांच्या दुकानात गेली.

दुकान बोळासारखं अरुंद होतं आणि दोन्ही भिंतींवर सुऱ्याच सुऱ्या. दुकानदाराच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. ती बघूनच लखलखराव मागे वळणार होते, पण बायको आत पोचली होती. तिने मूठ न धरता सुऱ्या उचलायला सुरुवात केली. म्हणजे मुठीच्या पुढे, पात्याच्या मुळाशी, अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमटी, आणि उरलेली तीन बोटं मुठीवर. एक सुरी तोंडाकडे जड निघाली, एक हातात झोपल्यासारखी वाटली. एक लांबलचक सुरी तिने दोनदा हवेत फिरवली आणि म्हणाली, "ही स्वयंपाकाला नको, भांडणाला बरी आहे."

दुकानदाराला ती चिमटी बघून आनंद झाला. त्याने खालच्या खणातून एक डबा काढला.

"ही घ्या. सांतोकू. जपानात घरोघरी हीच असते. मांस, मासळी, भाजी, तिन्ही कामं एकटी करते. पातं लांब नाही पण उंच आहे, म्हणजे बोटांची पेरं फळीवर आपटत नाहीत. धार सरळ आहे, झुलवायची नाही, सरळ खाली दाबत पुढे सारायची. तुमचा हात उजवा ना?"

"माझा उजवा. हे डावखुरे आहेत, पण ह्यांना घ्यायची नाहीये."

तिने चिमटीत धरली. सुरी बोटावर आडवी तोलून पाहिली. मग ती परत ठेवलीच नाही, आणि लखलखरावांना कळलं की खरेदी झाली.

पण घोटाळा पुढे होता. तीच सुरी दोन तऱ्हेची होती. एक कधीच न गंजणारी, चांदीसारखी. दुसरी साध्या पोलादाची.

"धार दुसरीची," दुकानदार म्हणाला. "चटकन लागते, खूप दिवस टिकते. पण ती काळवंडेल."

"काळवंडेल म्हणजे?" लखलखराव पहिल्यांदाच बोलले.

"कांदा, टोमॅटो, सफरचंद, जे कापाल त्याचा डाग धरेल. करडी होईल, निळी होईल. तो गंज नाही, ती तिची कातडी. ती धरली की गंजापासून तीच तिला राखते. नारिंगी ठिपका दिसला तर मात्र तो गंज. तो काढायचा."

"आणि करडं?"

"त्याला हात लावायचा नाही."

वाढलेले केस तसेच राहू द्या असं कुणी न्हाव्याला सांगावं, तसा चेहरा लखलखरावांचा झाला. त्यांनी बायकोला बाजूला घेतलं. "अगं, पैसे मोजून डाग विकत घेतेस?"

"लग्नात तुम्हीही चमकत होतात," ती म्हणाली. "पुढचं मला कुणी सांगितलं होतं?" आणि दुकानदाराकडे वळून, "ही पोलादाचीच द्या."

घरी येताच तिने नियम लावून दिला. "ह्या सुरीला दोन गोष्टी लागता कामा नयेत. एक बेसिनमधलं साचलेलं पाणी, आणि दुसरे तुम्ही."

मग जे चाललं त्याला संसारच म्हणायला हवं. ती सुरीने हाड कापत नसे, गोठलेलं काही कापत नसे, आणि फळीवरची भाजी पातेल्यात सारताना सुरी उलटी करून पाठीने सारायची, धारेने कधीच नाही. फळी लाकडाची. काच आणि संगमरवर बघून ती असे दात आवळायची, जणू तिच्याच दातांवरून कुणी सुरी ओढतंय. काम झालं की बाकी भांडी वाट बघू देत, आधी सुरी. मऊ स्पंज, कोमट पाणी, लगेच कोरडं कापड आणि वर तेलाचं एक बोट. रविवारी धारेचा दगड पाण्यात बुडवून त्यातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ती चहा प्यायची, आणि मग पाठ जराशी उचलून पातं दगडावर फिरवायची. खस्स, खस्स. लखलखराव दारातून बघत. ते पातं करडं होत चाललं होतं, मग राखाडी, मग कडेला जांभळट, आणि त्यांचा डावा हात खिशात जाऊन फडकं चुरगळत असायचा.

"नुसतं एकदा टोकाला," ते म्हणायचे.

"नुसतं एकदा तुमच्या बोटाला," ती सुरी दाखवून म्हणायची.

त्यांची मुलगी त्या सुरीबरोबर वाढली. शाळेतून आली की ओट्याला हनुवटी टेकून ती पात्यावरचे डाग वाचायची. "आई, हा ढग. आणि हा डोंगर." सगळे डाग बदलत राहायचे, कोबीच्या दिवसांत ढग वाढायचा, टोमॅटोच्या दिवसांत डोंगर खचायचा. पण मुठीजवळ, पात्याच्या टाचेला, एक निळा मासा होता. तो कधी हलला नाही. सफरचंदाच्या फोडी करताना पात्याचा तेवढाच भाग वापरला जायचा, आणि सफरचंद त्या घरात फक्त मुलीसाठी कापलं जायचं. आई विचारायची, "मासा आज काय म्हणतोय?" आणि मुलगी सांगायची, "भूक लागली म्हणतोय."

पुढे मुलगी दुसऱ्या शहरात दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून लागली. लोकांचे दात घासून चकचकीत करणं हे तिचं काम. लखलखराव हॉटेलात सगळ्यांना सांगत सुटले की पॉलिश आमच्या रक्तातच आहे.

त्यानंतर एका दुपारी त्यांची बायको शाळेतून घरी निघाली आणि बसथांब्यावरच्या बाकावर बसल्या बसल्या गेली. शेजारच्या माणसाला वाटलं डुलकी लागली असेल. दोन बस येऊन गेल्यावर त्याने तिला हलवलं.

दुःखात कुणी रडतं, कुणी झोपतं. लखलखरावांनी घर घासलं. येणारेजाणारे पांगले, मुलगी रजा संपवून परत गेली, आणि त्यांनी कपाटाच्या दारापासून सुरुवात केली. बोटांचे तेलकट ठसे, ओट्यामागच्या भिंतीवरचे शिंतोडे, फ्रीजच्या मुठीवरचा चिकटपणा, आरशाचा कोपरा. हात चालू असले की डोकं बंद राहायचं. आठवड्यात घर असं झालं की त्यात कुणी राहत असेल अशी शंकाही येऊ नये.

आणि मुलीचा फोन आला. "बाबा, मला आईची सुरी हवी. बाकी काही नको, साड्याही नकोत. पुढच्या रविवारी न्यायला येते."

लखलखरावांच्या अंगात बऱ्याच दिवसांनी जीव आला. लेकीने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती गोष्ट नेमकी त्यांच्या हातातली होती! आईची सुरी अशी डागाळलेली, कळकट कशी द्यायची तिला? जशी दुकानातून आणली तशी देऊ. हॉटेलातून त्यांनी आपली पॉलिशची सगळ्यात बारीक पावडर आणली, खिडकीशी बसले आणि सुरी मांडीवर घेतली. नियम त्यांना आठवला नाही असं नाही. "आता बोलायला कोण आहे," असं ते स्वतःशी पुटपुटले, आणि आपलंच वाक्य त्यांना ऐकू आलं. मग डोकं बंद राहावं म्हणून त्यांनी हात जोरात चालवला.

काम मात्र आयुष्यात केलं नाही असं केलं. करडं गेलं, जांभळं गेलं, ढग गेले. टाचेजवळचा निळा डाग हट्टी होता. त्याला त्यांनी बुचाच्या तुकड्याने वेगळं घासलं. उन्हात धरली तेव्हा पात्यात त्यांना खिडकी दिसली, खिडकीतलं आकाश दिसलं आणि आपला चेहरा दिसला. तो त्या महिन्यात पहिल्यांदा थोडा हसरा होता.

रविवारी मुलगी आली. त्यांनी डबा तिच्यापुढे ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसले, बक्षीस वाटताना बसतात तसे.

तिने झाकण उघडलं. सुरी उलटी केली. सुलटी केली. डब्यात आणखी काही आहे का ते पाहिलं.

"आईची कुठे आहे?"

"ही काय! हीच. मूठ बघ की."

तिने मूठ पाहिली. मग पात्याच्या टाचेवर अंगठा ठेवला आणि तो तिथे कितीतरी वेळ फिरवत राहिली.

"बाबा, मासा कुठे गेला?"

"कसला मासा?" लखलखराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं.

"सगळं घर पुसलंत, मी काही बोलले का? म्हटलं करू दे, त्यांना बरं वाटतंय. हे एवढंच उरलं होतं. ह्याच्यावर ती होती, बाबा. रोजची." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही आईला पुसून टाकलंत."

तिने झाकण लावलं, डबा त्यांच्याकडे सरकवला आणि संध्याकाळची गाडी सोडून दुपारचीच धरली.

मग फोन यायचे, पण कसे? "जेवलात?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." "बरं, ठेवते." दंतवैद्याच्या खुर्चीतल्या पेशंटची चौकशी करावी, तसे.

लखलखराव त्या दिवसांत घरभर फिरले. कुठेतरी एखादा ठसा राहिला असेल. कपाटाच्या दाराची आतली बाजू त्यांनी पाहिली, फ्रीजच्या मागे वाकून पाहिलं, स्टुलावर चढून डब्यांच्या झाकणांवर पाहिलं, ती टाचा उंचावून जिथे हात टेकवायची ती फळीची कडाही पाहिली. बोटाएवढा डाग मिळाला नाही. त्यांचं काम चोख होतं.

डबा काखेत मारून ते त्या बोळासारख्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा झाला होता, चिकटपट्टी आता दुसऱ्या अंगठ्याला होती. त्याने पातं पाहिलं, लखलखरावांकडे पाहिलं आणि कुणी केलं ते विचारलं नाही.

"काळं करायचंय? सोपं आहे," तो म्हणाला. "गरम व्हिनेगरमध्ये बुडवा, नाहीतर कडक कॉफीत ठेवून द्या. संध्याकाळपर्यंत म्हातारी होईल. कुणाला ओळखू येणार नाही."

लखलखराव मोहात पडले. कॉफीत बुडवावी, टाचेला ब्रशने मासाही काढावा, आणि लेकीला सांगावं, बघ, परत आला. हॉटेलात नवे दिवे जुने दिसावेत म्हणून त्यांना कधीकधी आम्ल लावावं लागायचं. पाहुणे त्यापुढे उभे राहून फोटो काढायचे आणि लखलखरावांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

"आणि न बुडवता?"

"मग काय, कापा. रोज कापा. येईल तिचं ती."

आता ज्याने आयुष्यात लिंबूसुद्धा दुसऱ्याकडून कापून घेतलं, तो माणूस ओट्यापुढे उभा राहिला. सगळ्यात आधी सफरचंद. घासून उघडं पडलेलं पोलाद असं झोंबरं असतं की फोडी बघता बघता करड्या पडल्या आणि तोंडात घातल्यावर खिळा चघळल्यासारख्या लागल्या. लखलखरावांनी सगळ्या खाल्ल्या. मग कांदा, टोमॅटो, कोबी, गाजर. रांधता काही येत नव्हतं, त्यामुळे नुसतंच कापायचे. इतकं कोण खाणार? ते जिन्यातल्या प्रत्येक दारावर वाडगा घेऊन जायला लागले. समोरची शेजारीण पहिल्या दिवशी गहिवरली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "परत कोबी?" आणि पुढे बेल वाजली की आतून विचारायची, "कोबी असेल तर मी घरी नाही!"

हॉटेलातला मुख्य आचारी त्यांची बोटं बघून म्हणाला, "लखलखराव, दोन उरलीत पट्टीवाचून. ती कुणासाठी राखून ठेवलीत?" मग त्याने त्यांना बोटांची पेरं आत वळवून भाजी कशी धरायची ते दाखवलं. चिमटी मात्र त्यांना दाखवावी लागली नाही. ती त्यांनी इतकी वर्षं दारातून पाहिली होती.

कापून झालं की मऊ स्पंज, कोमट पाणी, कोरडं कापड, तेलाचं बोट. पिवळं फडकं घरी खिशातून निघेनासं झालं. दाराची मूठ मंद झाली, नळावर पाण्याचे ठिपके वाळले, आणि त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं, किंवा वाटत असलं तरी ते हात लावायला घाबरायचे. आणि सुरी हळूहळू करडी झाली. मग राखाडी. एका टोमॅटोनंतर कडेला जांभळी झाक आली तेव्हा लखलखराव ओट्यापाशी एकटेच म्हणाले, "अगं, बघ." आणि मागे वळले. मागे दारच होतं.

थंडी सरता सरता मुलगी सुट्टीवर आली. न कळवता आली. दार उघडंच होतं, आणि बाप ओट्यापुढे पाठमोरा उभा राहून कांदा कापत होता. सपाट, सावकाश, पेरं आत वळवून. ती दारात उभी राहिली. त्याच जागी, जिथे ते उभे राहायचे.

"बाबा."

लखलखरावांनी सुरी खाली ठेवली, पुसली, आणि तिच्यापुढे धरली. मूठ तिच्याकडे.

तिने ती उजेडात नेली. "ढग आलाय," ती म्हणाली. मग पातं उलटं केलं. ह्या बाजूला नुसता धुरकट हात फिरल्यासारखं होतं. तिने परत उलटं केलं, परत सुलटं केलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"आईची ही बाजू गडद होती. मासाही ह्याच बाजूला. इथे तर काही धरलंच नाहीये."

"असं कसं? मी रोज..." लखलखराव म्हणाले आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. कापलेली फोड ज्या बाजूला चिकटते ती बाजू गडद होते. तिचा हात उजवा. ह्यांचा डावा. त्यांनी महिनोन्महिने कापलं होतं ते सगळं दुसऱ्या बाजूला जमा झालं होतं. जन्मभर कापलं असतं तरी तिची बाजू त्यांच्याकडून भरली नसती.

ते स्टुलावर बसले. "मला वाटलं होतं," ते म्हणाले, "मासा परत येईल."

मुलीने गडद बाजूवर, टोकाजवळ, बोट ठेवलं. "आणि हे काय आहे?"

"ते होय? काही नाही. कोबी."

तिला हसू आलं, आणि ते मधेच मोडलं. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकवून रडली. लखलखरावांना तिच्या केसांवर कुठला हात ठेवावा ते कळेना. शेवटी दोन्ही ठेवले.

निघायच्या दिवशी ती म्हणाली, "ह्या वेळी सुरी नेते."

ते डबा आणायला उठले. सुरी ठेवताना त्यांना पात्यावर, मुठीलगत, एक नारिंगी ठिपका दिसला. मोहरीएवढा.

"हा गंज आहे," ते चाचरत म्हणाले. "हा खराच गंज आहे. काढायला हवा, नाहीतर आत जाईल. तू काढ. कसा ते सांगतो."

तिने ठिपका पाहिला, बापाकडे पाहिलं आणि सुरी त्यांच्यापुढे ठेवली. "तुम्हीच काढा."

त्यांनी बुचाचा तुकडा घेतला, ओला केला, पावडरीत टेकवला. ठिपका दोन घासण्यांत गेला. त्याच्या शेजारी स्वच्छ पोलाद उजळलं, आणि त्यांचा हात, ज्याला जन्मभर एवढंच माहीत होतं, आपोआप पुढे सरकला. मुलगी बघत होती. हात थांबला. लखलखरावांनी बूच खाली ठेवलं, पातं पुसलं, तेलाचं बोट फिरवलं आणि खिशातलं पिवळं फडकं काढून त्यात सुरी गुंडाळली.

"फडकं नको, तुम्हाला लागेल."

"हॉटेलात दुसरं आहे. घरात आता लागत नाही."

बसच्या पायरीवर ती चढली तरी ते खालून सांगतच होते. "हाड कापू नकोस. काचेवर ठेवू नकोस. भाजी सारायची ती पाठीने. आणि आई काय म्हणायची? दोन गोष्टी लागता कामा नयेत."

"एकच, बाबा," मुलगी खिडकीतून म्हणाली. "साचलेलं पाणी. बस्स."

बस गेली. लखलखराव चालत घरी आले. दाराची मूठ मंद होती. ती तशीच धरून त्यांनी दार उघडलं. स्वयंपाकघरात ओट्यावर लाकडी फळी होती आणि फळीवर सकाळचा अर्धा कांदा. कापायला घरात सुरी नव्हती. त्यांनी कांदा झाकून ठेवला आणि स्टूल ओढून फळीपाशी बसून राहिले.